नॉर्वेवाल्याचे सूर

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, लांब स्वरांनी. फौजेच्या बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते गावी, मालेला परतले तेव्हा मी शाळेत होते. त्यांनी बरोबर एक पत्र्याची पेटी, दोन क्लॅरनेट आणि नोटेशनचा कागद ठेवायची घडीची घोडी आणली. घोडी ओसरीत उभी राहिली आणि तिथेच राहिली. सकाळी तोंड धुऊन आण्णा रीड, क्लॅरनेटच्या तोंडाची ती वेताची पट्टी, जिभेवर ओली करत बसायचे, मग एकच स्वर धरायचे, श्वास सरेपर्यंत. तो संपला की दुसरा. आत आई फुंकणीने चूल फुंकत असायची. तिच्या फुंकणीचा आणि ह्यांच्या क्लॅरनेटचा श्वास बरोबरच चालायचा. ती म्हणायची, "ह्यांचा एक सूर सरस्तवर माजा च्या उकळून उतू जातो." पण आण्णा गावाला गेले आणि सकाळ मुकी गेली, की तिलाच करमत नसे. भाकरी थापता थापता दोनदा ओसरीकडे बघून यायची.

आण्णांनी वाडीतली पोरं गोळा करून लग्नाचा बँड उभा केला. सराव खळ्यावर. भाताच्या झोडणीनंतर मोकळ्या झालेल्या त्या शेणाने सारवलेल्या जागेवर दोन ट्रंपेट, एक युफोनियम, ढोल आणि ताशा असा सगळा जमाव बसायचा. आण्णांचा आग्रह असा की पोरांनी कागद वाचून वाजवायचं, कानावर विसंबायचं नाही. पोरं कंटाळायची, पळायची. मी मात्र रोज बघून बघून वाचायला शिकले. बघायची सोय होती, कारण खळ्यावर पाणी द्यायला मीच जायची. एकदा दुसऱ्या क्लॅरनेटचा मुलगा आलाच नाही, तेव्हा आण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि जुनं क्लॅरनेट पुढे केलं. बूच झिजलेलं, एका चावीला रबर बांधलेलं. त्या दिवसापासून ते माझं. दहावी होईतो मी खळ्यावरच्या कुठल्याही मुलापेक्षा बरी वाजवत होते, हे आण्णांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण बँड लग्नाला निघाला की मी घरी. "पोरीनं वरातीत वाजवायचं न्हाई," एवढं एकच वाक्य, आणि ते बोलताना आण्णा कधी माझ्याकडे बघत नसत. माझ्या जागी एखादा नवखा, गाल फुगवून नुसता उभा राहणारा मुलगा जायचा.

त्या खळ्यावर आता माझ्या भाच्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. शनिवारी गाड्यांची रांग लागते. परवा मी गेले होते तेव्हा तिथे उतरलेल्या एका मुलाने मला विचारलं, "आजी, इथे शांतता असते ना?" मी म्हटलं, असते बाबा. त्याला काय सांगणार!

तर मी कॉलेजची परीक्षा देऊन घरी होते तेव्हा परेरा सर आले. चैत्र उतरणीला लागला होता, करवंदं पिकली होती. परेरा सर पुण्याला कँपात राहायचे. तिथे हौशी वादकांचा एक ऑर्केस्ट्रा होता, पाश्चात्त्य संगीत वाजवणारा, त्याचे ते संचालक. फौजेत पुण्याला असताना आण्णा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे वाजवायला जात. उंच, हडकुळे, पांढरी पँट, खांद्याला चामड्याची पिशवी, असे ते एस.टी.तून उतरले आणि शोधत शोधत ओसरीत आले. आईने आंबेमोहोराचा भात आणि हुलग्याचं पिठलं वाढलं, बरोबर करवंदाचं लोणचं. त्यांनी भात दोनदा मागून घेतला. मग हात धुऊन पिशवीतून कागद काढले आणि घोडीवर लावले.

"हवालदार, मला दोन क्लॅरिनेट पाहिजेत. माझी दोघं बदली होऊन गेली. चीज नवीन आहे, म्हणजे आपल्यासाठी नवीन. ज्याने लिहिली तो नॉर्वेचा. आपल्याकडे कुणी असं वाजवलेलं नाही."

नॉर्वे कुठे हे मला नकाशावर माहीत होतं, आण्णांना तेवढंही नव्हतं. परेरा सर तरुणपणी बोटीवरच्या बँडमध्ये होते. त्यांची बोट दुरुस्तीसाठी नॉर्वेच्या एका बंदरात अडकून पडली होती, तिथे एका संध्याकाळी त्यांनी ही रचना ऐकली, आणि तेव्हापासून ती त्यांच्या मागे लागली होती. संगीतकाराचं नाव ते सांगायचे, पण आमच्यापैकी कुणालाच ते तोंडातून नीट काढता येत नसे, त्यामुळे पुढे सगळा ऑर्केस्ट्रा त्याला नुसतं 'नॉर्वेवाला' म्हणू लागला. मीही तेच म्हणते.

आण्णांनी चष्मा लावला, रीड ओली केली, पहिल्या क्लॅरनेटच्या ओळी वाजवायला घेतल्या. चार ओळी. मग थांबले. परत पहिल्यापासून घेतलं. परत थांबले. कुठलाही कागद समोर ठेवा, आण्णा तो गाडीरस्त्यावरून चालल्यासारखा वाजवत, पण इथे त्यांची बोटं प्रत्येक स्वरावर जाऊन दचकत होती. त्यांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवलं.

"सर, ह्यात सा कुटं हाय?"

"नाहीये," परेरा सर म्हणाले. "तीच तर गंमत. बाराच्या बारा स्वर सारखे. कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही."

"मंग माणसानं उभं कुटं ऱ्हायाचं?"

"उभं नाही राहायचं, हवालदार. चालत राहायचं."

आण्णांनी कागद गोळा करून, नीट घडी घालून परेरा सरांच्या हातात दिले. "आपली दोस्ती जुनी हाय. जेवा, ऱ्हावा, जाताना तांदूळ घेऊन जावा. पर हे आमच्याच्यानं व्हनार न्हाई. हे सूर न्हाईत सर, हे नुस्तं भटकनं हाय."

परेरा सरांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मी आतल्या दारात उभी होते. आजवर आण्णांच्या शब्दावर मी शब्द ठेवला नव्हता. पण त्या चार ओळी मी ऐकल्या होत्या आणि मला त्या भटकल्यासारख्या वाटल्या नव्हत्या. कुणीतरी अगदी नीट, विचार करून पाऊल टाकतंय, फक्त कुठे निघालंय ते सांगत नाही, असं वाटलं होतं. मी म्हणाले, "मी वाजवते."

"ही वाजवते?" परेरा सरांनी आण्णांना विचारलं.

आण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी माझं रबर बांधलेलं क्लॅरनेट आणलं, कागद घोडीवर लावले आणि वाजवलं. चुकले, पुष्कळ चुकले. पण थांबले नाही. परेरा सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "रविवारी तालीम असते. कँपात, शाळेच्या हॉलमध्ये."

"कुटं जायाचं न्हाई," आण्णा म्हणाले.

तेव्हा आई बोलली. ती उष्टी ताटं उचलत होती, ती तशीच हातात धरून. "मंग शिकिवलंत कशाला तिला? पानी द्यायाला आलती पोर, तुमीच बसवली. लग्नात न्हाई, ब्यांडात न्हाई, आता हितं बी न्हाई. भितीला वाजवून दाखवायचं का तिनं?"

आण्णा उठून शेतावर गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, आणि परत नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात परवानगी अशीच मिळायची.

पुढचे आठवडे मी ती रचना घेऊन बसले. मी सरावाला घेतलं की आण्णा टोपी घालून बाहेर पडत. शेजारच्या काकू एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं कुसुम, तुजं वाजाप बिघडलंय का? दुरुस्तीला टाक की." मला हसू आलं, राग नाही. कारण तोवर मला ते जमायला लागलं होतं, आणि जमतंय हे माझं मलाच कळत होतं. भजनात, बँडात आपण कितीही लांब गेलो तरी सा आपलं अंगण असतो. डोळे मिटले तरी पाय तिकडे वळतात. इथे अंगणच नव्हतं. आधी मी मनातल्या मनात कुठला तरी स्वर सा धरून बघायची, आणि तीनचार स्वरांत तो पायाखालून निघून जायचा. मग मी तो नाद सोडला. प्रत्येक स्वर तेवढ्यापुरता घ्यायचा, पूर्ण घ्यायचा, आणि सोडताना मागे वळून बघायचं नाही. एकदा हे अंगात भिनलं तेव्हा मला इतकं मोकळं वाटलं की मी बांधावर उभी राहून ती लांब ओळ तीनदा वाजवली. मधल्या भागात पहिल्या क्लॅरनेटचीच ती खास ओळ होती. हळू वर चढणारी, वर गेल्यावर जराशी थबकणारी आणि मग दुसऱ्याच बाजूने खाली येणारी. आजही मी क्लॅरनेट हातात घेतलं की बोटं आधी तिकडेच जातात.

दर रविवारी आई माझ्याबरोबर पुण्याला यायची. एकट्या पोरीला कसं पाठवायचं, हे तिचं म्हणणं, पण तिला हौसही होती. सकाळच्या गाडीने जायचं, हॉलच्या शेवटच्या बाकावर आईने बसायचं, पिशवीतून सूप आणि तांदूळ आणायचेच. वादकांची जुळवाजुळव चाले तेव्हा ती तांदूळ निवडत बसे. ऑर्केस्ट्रात पारशी होते, गोव्याचे होते, कँपातली दोन शाळामास्तर मंडळी होती. त्यांना आधी लुगड्यातली ही बाई आणि तिचं सूप बघून गंमत वाटली. तिसऱ्या रविवारपर्यंत चेलो वाजवणारी म्हातारी पारशीण तिच्याकडून हुलग्याच्या पिठल्याची कृती लिहून घेत होती.

व्हायोलिनं, चेलो, फ्रेंच हॉर्न सगळे एकत्र आले तेव्हा मला कळलं की माझ्या ओळी एकट्याने ऐकायच्याच नव्हत्या. एकाची ओळ दुसऱ्याच्या अंगावरून सरकत जायची, जसं सकाळी तलावावरचं धुकं एका डोंगरावरून उठतं आणि दुसऱ्यावर बसतं. त्यात आदळआपट नव्हती. सगळं हळू बोलल्यासारखं. पहिल्या क्लॅरनेटचा भाग परेरा सरांनी मलाच दिला होता, कारण तो मला येत होता. दुसऱ्या क्लॅरनेटची खुर्ची रिकामी. "त्या ओळी आपण व्हायोलाला देऊ," सर म्हणाले, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

एका तालमीनंतर त्यांनी आम्हाला ही रचना कशावरची ते सांगितलं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर एक जुनी दफनभूमी आहे. कॉलऱ्यात मेलेली माणसं गावापासून लांब, समुद्राकाठी पुरली होती. मग गाव विसरला. गवत वाढलं. हा संगीतकार तिथे जाऊन बसायचा. परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. पिरंगुट गेलं तशी ती म्हणाली, "हे तुज्या बापाला सांग."

"का?"

"सांग तर."

जेवताना मी सांगितलं. आण्णांचा घास हातात राहिला. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. सकाळी त्यांनी स्वर धरले नाहीत. मला म्हणाले, "चल."

आम्ही दोघं सायकलवर तलावाकडे गेलो. उन्हाळ्याने पाणी पार उतरलं होतं, काठाची लाल माती भेगाळून उघडी पडली होती आणि आत, पाण्याच्या कडेला, एका जुन्या चौथऱ्याचे दगड दिसत होते. धरणात गेलेलं गाव आण्णांच्या वडिलांचं. ते मला माहीत होतं, आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण आण्णांनी चौथऱ्याच्या पलीकडे, अजून पाण्यात असलेल्या जागेकडे बोट केलं.

"तितं माजी थोरली भन हाय. म्या बगितलेली न्हाई. लहान लेकरू, तापात गेलं. लेकरास्नी पुरायची रीत. मंग पानी आलं. आई दर उन्हाळ्याला हितं येऊन बसायची, मला संगट आनायची. बसायची आन तोंडातल्या तोंडात कायतरी म्हनायची. रडनं न्हाई, गानं न्हाई. वर जायाचं, खाली यायाचं. कुटं टेकायचंच न्हाई." त्यांनी एक ढेकूळ उचलून पाण्याकडे टाकलं. "मला लई भ्या वाटायचं त्याचं. म्हनून तर ब्यांडात गेलो. तितं सगळं सुरात. एक, दोन, एक, दोन. त्या मानसाचा कागद फुडं आला, आन चार वळीत मला माजी आई ऐकू आली बग."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. मग त्यांनीच विचारलं, "ती मदली लांब वळ येती का तुला पुरी?" मी म्हटलं येते. त्यांनी मान हलवली, इतकंच. वाजवतो म्हणाले नाहीत.

शेवटच्या तालमीला मी आणि आई पोचलो तेव्हा आण्णा आमच्या आधी तिथे होते. पांढरा सदरा, फौजेतले चकचकीत पॉलिश केलेले बूट, क्लॅरनेट जोडून हातात. ते दुसऱ्या खुर्चीत बसले होते.

परेरा सर धावत आले. "हवालदार! या, इकडे या, पहिलं तुम्ही—"

"पैलं तिचं हाय," आण्णा म्हणाले. "म्या दुसरं वाजवतो."

मी आईकडे पाहिलं. ती सूप मांडीवर घेत म्हणाली, "दुपारचं शेतावरच्या खोपीत हे काय वाजवत बसत्यात वाटलं तुला? भाकरी आन दुसऱ्याचा कागद घेऊन मीच जातिया की."

कार्यक्रमाला हॉल भरला होता. कँपातली मंडळी पुढे, आणि मागच्या दोन रांगांत आमची अख्खी बँडपार्टी, आण्णांनी ट्रकने आणलेली. पूर्वार्धात ओळखीचं गोड संगीत झालं, टाळ्या झाल्या. मग आमची रचना. सुरू झाल्यावर जरा वेळाने काही खुर्च्या सरकल्या, दोघंतिघं उठून गेली. मला ते दिसत होतं आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. माझी ओळ जवळ येत होती. आणि तिच्या थोडं आधी आण्णा चुकले. मोजमाप सुटलं त्यांचं. तिथे ताल एकसारखा नसे, मात्रा मोजत राहावं लागे, आणि आयुष्यभर एक-दोन मोजणारे माझे वडील कागदावर नजर फिरवत हरवून गेले. मला शेजारून त्यांचा श्वास कळत होता, घेऊन अडकलेला. मी माझं क्लॅरनेट किंचित उचललं, जसं ते खळ्यावर मला आत घेताना उचलत, आणि श्वास घेतला, त्यांना ऐकू जाईल असा. ते नेमके आत आले. मग त्यांचा लांब स्वर खाली आणि त्यावरून माझी ओळ वर. मी घाई केली नाही. वर गेल्यावर थबकले, हवी तेवढी थबकले, परेरा सरांचा हात माझ्यासाठी थांबला होता, आणि मग उतरले. इतकं चांगलं मी त्याआधी वाजवलं नव्हतं.

ती रचना संपते तीही न टेकता. आवाज कमी होत जातो आणि मग नसतो. हॉलमध्ये कुणाला कळेना संपलं की काय. मागून आमच्या ताशेवाल्या तुकारामाचा आवाज आला, "जालं का?" सगळा हॉल हसला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी थोड्या वाजवल्या, मागच्या दोन रांगांनी पत्रा फाटेल अशा. पारशीण चेलो सोडून आली आणि तिने आण्णांचे हात धरले. आण्णा लाजले. मी त्यांना लाजताना तेव्हाच पाहिलं.

ती रचना आम्ही पुन्हा कधी वाजवली नाही. ऑर्केस्ट्रा पुढे मोडला, परेरा सरही गेले. मी त्यानंतर आयुष्यभर वाजवलं. नोकरीत वाजवलं, शाळेतल्या मुलांना शिकवलं, सूसच्या फ्लॅटमध्ये लेकीकडे राहते तिथेही सकाळी स्वर धरते आणि खालच्या मजल्यावरचे लोक आता तक्रार करायचे थांबलेत. नॉर्वेवाला आता नातवाच्या फोनवर मिळतो. मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांनी वाजवलेला आहे. छानच वाजवतात. मधल्या ओळीला त्यांचा क्लॅरनेटवाला जरा घाई करतो, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या पहिल्या लग्नाचं. वैशाखात माणला वरात होती. माण तेव्हा शेतांचं गाव, आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे भाताची खाचरं. सकाळी बँड ट्रकमध्ये चढत होता आणि मी नेहमीसारखी ओसरीत उभी होते. आण्णांनी ट्रकमधून हाक मारली, "कुसुम, तितं काय उभी? चढ." आईने माझ्या हातात टोपी दिली, लाल, बँडची. तिने आदल्या दिवशीच ती आतून टाचून माझ्या डोक्याच्या मापाची केली होती.

माणच्या वेशीत वरात लागली. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचायला पुढे, आणि बँडच्या पहिल्या ओळीत मी. माणसं बघायला लागली. बायका दारातून बाहेर आल्या. नवरदेवाचा चुलता तरातरा पुढे आला आणि आण्णांना म्हणाला, "हवालदार, हे काय? पोरगी फुडं? आमच्या गावात आसलं चालत न्हाई. तिला मागं घ्या, तुमी फुडं व्हा."

वाद्यं थांबली. घोड्याने मान झटकली. आण्णा माझ्या एक पाऊल मागे उभे होते, दुसऱ्या जागेवर. त्यांनी क्लॅरनेट तोंडातून काढलं, रीड पुसली आणि फौजेतल्या आवाजात, सगळ्या वेशीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पैलं क्लॅरनेट ती वाजवती. तुमाला नाचायचं आसंल तर नाचा."

मग ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "घे सूर. आमी येतो मागनं."